अ‍ॅल्युमिनियम, स्टील आणि साठ लिटर आंबील

सप्टेंबरच्या अखेरीला दोह्यात एक सकाळ अशी उगवते की दाराबाहेर पाऊल टाकलं तरी चष्मा धुकट होत नाही. जूनपासून तोवर रोज तेच झालेलं असतं. एसीतून बाहेर आलं की काचा पांढऱ्याफेक, मग ओढणीनं पुसा, मग गाडी शोधा. या दमटपणाला इथे रुतूबा म्हणतात, आणि आम्ही मराठी घरांतही आता तेच म्हणतो. ‘रुतूबा गेली वाटतं,’ असं कुणीतरी फोनवर म्हणतं आणि आवाजात सण असल्यासारखा आनंद असतो. अशा सकाळी मी दारात उगाच मिनिटभर थांबते. कोरडा वारा कानाला लागतो, समोरच्या भिंतीवरची बोगनवेल हलते आणि मला हमखास फुटबॉल वर्ल्डकपचं वर्ष आठवतं.

त्या वर्षी अख्खा देश पाहुणे यायच्या आधीच्या घरासारखा झाला होता. काल गेलो तो रस्ता आज बंद. वळणाला नवं वळण. गाडीतली नकाशावाली बाई बिचारी ‘उजवीकडे वळा’ म्हणायची आणि उजवीकडे क्रेन उभी असायची. पुलांखाली पाम वृक्षांची रोपं ओळीनं आडवी पडलेली, लावायची वाट बघत. जिथे तिथे उलटे दिवस मोजणारे आकडे. माझा नवरा श्रीकांत रास लफानला गॅसच्या प्लांटवर. पहाटे कंपनीची बस पकडायचा आणि संध्याकाळी घरी आला की आज कुठला रस्ता गायब झाला ते सांगायचा. तेरा वर्षांची आमची रेवा बत्तीस देशांचे झेंडे भिंतीवर चिकटवून बसलेली. तिच्याशी मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि असं आमचं छान चाललेलं असायचं.

आणि मी? नाशिकच्या कॉलेजात अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. इथे आल्याला आठ वर्षं झाली होती. कुणी विचारलं तर मी सांगायचे, ‘शिकवत होते.’ या ‘होते’ची मला इतकी सवय झाली होती की तो शब्द उच्चारताना काही दुखतंय हेही कळेनासं झालं होतं.

आम्हा मराठी मंडळींचा एक गट आहे. गणपती, दिवाळी, कोजागिरी वगैरे सगळं रीतसर. त्या जूनमध्ये ठरलं की अल रय्यानच्या पलीकडे एका कॅम्पमध्ये आपली पन्नासेक माणसं राहतात, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, सगळे घरदार गावी ठेवून आलेले. दर शुक्रवारी त्यांच्यासाठी काहीतरी थंड घेऊन जायचं. कुणी पन्हं केलं, कुणी कोकम. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आंबील.

नाचणीचं पीठ ताकात कालवून आंबत ठेवायचं, आंबट वास सुटला की उकळत्या पाण्यात सोडायचं, हात न थांबवता ढवळायचं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गार झालं की वरून पातळ ताक. उन्हातनं आलेल्या माणसाला याच्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या घरची भांडी पाच-सात लिटरांची. गटाचं मात्र एक मोठं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं होतं, भंडाऱ्याच्या भातासाठी आणलेलं. हलकं, रुंद, दोघांना सहज उचलता येईल असं. सोय झाली म्हणून मी पीठ त्यातच भिजवलं, त्यातच आंबवलं आणि त्यातच शिजवलं. मनात काही आलंच नाही. अकरा वर्षं पोरांना आम्ल आणि धातू शिकवणारी बाई, पण स्वयंपाकघरात शिरताना तिनं आपली विद्या बहुतेक चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली होती.

कॅम्पमध्ये माणसं स्टीलचे ग्लास घेऊन ओळीत उभी राहिली. आंबिलीवर करडी झाक होती. नाचणीचाच रंग असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पहिला घोट घेतल्यावर चेहरे जरा थबकले, मग सगळे म्हणाले, ‘छान आहे वहिनी, छान आहे.’ दुसऱ्यांदा कुणी ग्लास पुढे केला नाही. भिंतीच्या कडेला एकानं हळूच ग्लास ओतलेला मी पाहिला. त्यानंही मला पाहिलं. दोघांनी नजर वळवली.

मग एक उंच, रापलेला माणूस जवळ आला. मारुती ढगे, परभणीकडचा, पाइप फिटर. तीन वर्षं गावी गेला नव्हता.

“ताई, राग नका धरू,” तो म्हणाला. “आंबील ब्येस जमली व्हती. पर भांड्याची चव लागायली. धातूची.”

मी एक घोट घेतला. जिभेच्या कडेला ती चव होती, बॅटरीचं टोक चाटल्यासारखी. आणि त्या क्षणी सगळा फळा डोळ्यांसमोर उभा राहिला. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर, तोच त्याचं रक्षण करतो. आंबट पदार्थ रात्रभर त्यात राहिला की थर विरघळतो आणि धातू उतरतो. हे मी दरवर्षी जुलैत शिकवायचे. आजीच्या काळी पितळेला कल्हई का लावायचे, हेही याच्याच जोडीनं सांगायचे आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. घरी येताना गाडीत श्रीकांतनं विचारलं, “काय झालं?” तर म्हटलं, “काही नाही. मी नापास झाले.”

उरलेली आंबील ओतून दिली तेव्हा पातेल्याच्या आत, जिथवर पीठ होतं तिथवर, काळपट रेघ उमटली होती. घासून घासून माझे हात दुखले. ती रेघ काही गेली नाही.

जुलैत मी बाजारात जाऊन तीस लिटरचं स्टीलचं पातेलं आणलं. दुकानदार केरळचा, त्यानं मला परत परत अ‍ॅल्युमिनियमकडे वळवायचा प्रयत्न केला. “मॅडम, अलुमिनी लो. बिर्याणी फर्स्ट क्लास. स्टील में नीचे जल जाएगा.” मी हसले. आता मी शहाणी झाले होते ना! मी स्टीलच घेतलं, आणि त्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. पातळ तळ, मोठी शेगडी. जाळाच्या बरोबर वर नाचणी तळाला धरली, आणि मी ढवळत असतानाच करपटलेला वास आला. पाठोपाठ छतावरचा धुराचा अलार्म. दुहैलमधल्या आमच्या वसाहतीचा रखवालदार धावत आला, शेजारच्या इजिप्शियन बाई मुलाला कडेवर घेऊन बाहेर आल्या. मी दारात उभी, हातात उलथणं, केसांत नाचणी.

“Mom, just buy them Pepsi,” रेवा म्हणाली.

त्या दुपारी मी ठरवलं की हे आता सोडायचं नाही. कारण मला नीट सांगता येत नव्हतं. पन्नास माणसांच्या आंबिलीवर कुणाचं काही अडलेलं नव्हतं. पण माझं अडलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि तो प्रश्न माझ्याच विषयातला होता.

गंमत पुढेच आहे. ऑगस्टमध्ये, बाहेर सूर्य आग ओतत असताना, श्रीकांतनं इंटरनेटवर काहीतरी शोधून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “हे बघ, तुझ्यासारखेच वेडे.” दूरदेशी घरच्या घरी बिअर करणाऱ्या लोकांची पानं होती ती. आणि त्यांचं भांडण काय? अ‍ॅल्युमिनियम की स्टील! घरी बिअर करणं जिथे गुन्हा आहे अशा देशात बसून, शेजारी चहाचा कप ठेवून, मी बिअरवाल्यांचे वाद दिवसेंदिवस वाचले. एक बाजू म्हणे, अ‍ॅल्युमिनियम हलकं, चटकन तापतं, सगळीकडे सारखं तापतं, म्हणून खाली करपत नाही. नवं भांडं आधी नुसत्या पाण्यानं उकळून घ्या, आतला करडा थर घासून काढू नका, तोच तुमचा राखणदार. मला माझी ती काळी रेघ आठवली आणि घासताना वाया घालवलेला जोर आठवला. दुसरी बाजू म्हणे, स्टील जन्मभर टिकतं, कसंही घासा, कितीही आंबट घाला, पण तळ जाड बघून घ्या, नाहीतर जाळाचा डाग पडलाच.

वही काढली. कितीतरी वर्षांनी मी समास आखला. बिअरवाल्यांचं चालतं, कारण त्यांचा काढा उकळताना फारसा आंबट नसतो आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये तास-दीड तासच असतो. त्यांचं आंबणं नंतर, दुसऱ्या भांड्यात. माझी आंबील आधी आंबते आणि मग उकळते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला जे सोसवत नाही तेच मी त्याच्याकडून करून घेत होते. स्टीलला आंबट सोसवतं, पण आच वाटून देता येत नाही. एकाला जीभ सांभाळता येत नाही, दुसऱ्याला डोकं, असं मी वहीत लिहिलं आणि स्वतःशीच हसले. प्रश्न स्पष्ट झाला होता. उत्तर मात्र नव्हतं.

सप्टेंबरमध्ये गटाची बैठक झाली. ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी कॅम्पजवळच्या मैदानात फुटबॉलचे सामने भरवायचे ठरत होते. आठ संघ, आपले लोक, नेपाळी, मल्याळी, बांगलादेशी, सुदानी, सगळ्यांचे मिळून. वर्ल्डकपची हवाच अशी होती की ज्याला त्याला चेंडू लाथाडायचा होता. मी म्हटलं, पेयाचं माझ्याकडे. आंबील करीन.

आमच्या गटाचे प्रमुख प्रधानकाका. तीस वर्षं कतारमध्ये काढलेले, सज्जन, पण नियमाला घाबरणारे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“वहिनी, आंबील म्हणजे आंबवलेलंच ना? फर्मेंटेड? इथे? तीनशे माणसांत? कुणी चुकीचं समजलं तर मला उत्तर द्यावं लागेल. आणि खरं सांगायचं तर मागच्या दोन वेळा...” पुढचं त्यांनी सौजन्यानं गिळलं. “डबाबंद थंड पेयं आणू. खलास.”

पूर्वीची मी असते तर ‘बरं’ म्हणून पोह्यांची बशी उचलली असती. मी उभी राहिले.

“काका, तुम्ही आत्ता दहीवडा खाल्लात. दहीही आंबलेलंच असतं. इडली, ढोकळा, इथली ती ताकासारखी लबनसुद्धा. आंबिलीत जे आंबतं ते दह्यासारखं आंबतं, दारूसारखं नाही, आणि वरून मी ते खळखळ उकळवते. मागच्या दोन वेळा चूक पदार्थाची नव्हती, भांड्याची होती. भांडं निवडणाऱ्या बाईची होती. मला एक संधी द्या. आधी तुम्ही प्या. तुम्हाला नाही आवडलं तर मी स्वतः डबे आणून वाटीन.”

प्रधानकाकांनी चष्मा परत नाकावर घेतला. मग म्हणाले, “कॉलेजात असंच दटावायचात का हो?” आणि हसले. “इन्शाल्ला, जमलं तर जमलं. पण आधी मी चाखणार.”

आता जमवणं भाग होतं. मी कॅम्पमध्ये मारुतीला निरोप धाडला. भांड्याची चव ओळखणारा तोच एक माणूस होता. शुक्रवारी तो आमच्या घरामागच्या अंगणात आला, हात पाठीमागे बांधून शेगडीभोवती फिरला, करपलेल्या स्टीलच्या पातेल्याच्या तळावरून बोट फिरवलं. मी त्याला वहीतलं सगळं सांगितलं.

“ताई, आमी जाड पाइप जोडायच्या आदी त्याला चारी अंगांनी तापवून घेतो. एकाच जागी आग मारली की तडा जातो. तुमची आग बी एकाच जागी बसायली. तिला पसरवा की.”

“कशानं?”

तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू उत्तर माझ्याच तोंडात होतं. “अलुमिनी. तुमीच म्हनायलात ना, ते आच वाटून देतं? मग त्याला आंबिलीत कशाला घालायलात? खाली घाला. शेगडी आन् पातेल्याच्या मधी.”

मी मटकन पायरीवर बसले. इतकं सोपं! एका धातूला चुलीशी ठेवायचं, दुसऱ्याला अन्नाशी. दोघांची भेट फक्त तळाशी. समास आखलेल्या वहीत पानंच्या पानं भरून मी ‘की’ लिहीत बसले होते, अ‍ॅल्युमिनियम की स्टील, आणि या माणसानं ‘की’ काढून ‘आणि’ घातला.

पुढच्या शुक्रवारी तो इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारवाल्याकडून बोटभर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घेऊन आला. गोल कापलेली, कडा घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या की रेवानं गालाला लावून पाहिली. “रिकामी कदी तापवू नका, वर पातेलं पायजेच,” एवढीच त्याची सूचना. आम्ही शेगडीवर प्लेट ठेवली, प्लेटवर स्टीलचं पातेलं, पाणी उकळलं, आणि मी आंबलेलं पीठ सोडलं. श्रीकांत, मारुती, रेवा, तिघंही वाकून बघत होते. मी ढवळत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एरवी मधोमध एकच उकळीचं कारंजं उसळायचं. आज सगळ्या पृष्ठभागावर बारीक, सारखे, शहाण्यासारखे बुडबुडे. मी उलथणं तळावरून खरवडत फिरवलं. काही चिकटलं नव्हतं. रंग स्वच्छ, पावसात भिजलेल्या मातीसारखा तांबूस.

गार झाल्यावर ताक, लसूण, कोथिंबीर. मारुतीनं ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मग अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी घाबरले. “काय झालं? पुन्हा चव लागते का?”

“लागायली ना,” तो पाठमोराच म्हणाला. “घरची.”

प्रधानकाकांना मी दुसऱ्याच दिवशी बाटली पोचवली. त्यांचा फोन आला नाही. तासाभरानं ते स्वतःच आले, रिकामी बाटली हातात. “वहिनी,” ते दारातूनच म्हणाले, “ही पुरावा म्हणून अपुरी आहे. आणखी चाखावी लागेल.”

ऑक्टोबरातला तो शुक्रवार. सकाळचं ऊन अजून धारदार होतं, पण रुतूबा ओसरली होती आणि आभाळ पहिल्यांदा निळं दिसत होतं. मी तसंच आणखी एक स्टीलचं पातेलं आणलं होतं. आदल्या दुपारी अंगणात दोन्ही पातेली, एकामागून एक, त्याच प्लेटवर शिजवली होती. साठ लिटर. गटातल्या चार बायकांनी आळीपाळीनं ढवळलं, हात भरून आले, गाणी म्हटली, पण एकदाही तळ लागला नाही. मैदानाच्या कडेला कापडी मांडवाखाली मी दोन्ही पातेली मांडली, भोवती बर्फ, हातात ओगराळं. मला परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटत होतं.

पहिला सामना सुटला आणि मारुतीचे फिटर लोक पिवळ्या जर्सीत धावत आले. मारुती त्यांचा गोलकीपर, चाळिशी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी ग्लास संपवले आणि परत पुढे केले. परत पुढे केले! मग नेपाळी संघ आला. त्यांच्यातल्या एकानं चाखून बघितलं, डोळे मोठे केले आणि मागे वळून स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडला. कोदो, कोदो, एवढंच मला कळलं. कोदो म्हणजे नाचणी, त्यांच्या डोंगरातही ती पिकते. पुढच्या पाच मिनिटांत रांग मांडवाबाहेर गेली. मल्याळी म्हणाले, रागी! सुदानी रेफरी शिट्टी गळ्यात मागे टाकून दोन ग्लास सलग प्यायला आणि म्हणाला, आमच्या घरी ज्वारीचं असंच करतात. “यल्ला, one more!” शिजलेल्या आंबट पिठाचं पाणी आपल्याच गावचं आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि प्रत्येकाचं खरं होतं.

अंतिम सामन्यात मारुतीचा संघ आणि सुदानी यांची बरोबरी झाली. पेनल्टीवर आलं. शेवटचा फटका सुदान्यांचा. मी ओगराळं हातात घेऊनच मांडवाबाहेर आले होते. चेंडू उजवीकडे गेला, मारुती त्याच्या आधी उजवीकडे गेला, आणि चेंडू त्याच्या छातीवर आदळून बाहेर. त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. पिवळ्या जर्सींचा ढीग, शिट्ट्या, कुणीतरी बादली वाजवत होतं, आणि रेवा, माझी इंग्रजी रेवा, खुर्चीवर चढून घसा फाटेस्तोवर ओरडत होती, “मारुतीकाका, जिंकलो! जिंकलो आपण!”

प्रधानकाकांनी माइक घेतला. विजेत्यांची नावं वाचली आणि मग म्हणाले, “एक जाहीर कबुली. मी डबाबंद पेयं आणणार होतो. मी चुकलो होतो.” टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली नाही. अगदी सरळ उभी राहिले आणि त्या घेतल्या.

गर्दी जरा पांगल्यावर काही लोक पातेल्यांपाशी रेंगाळले. हे करपलं कसं नाही, आंबट असून भांड्याची चव कशी नाही, असं कुणीतरी हिंदीत विचारलं. मी सांगायला लागले. ऑक्साइडचा थर, दह्यातलं आम्ल, कुठला धातू उष्णता कशी वाहून नेतो. ओगराळं हलवत, हिंदीतून इंग्रजीत, मध्येच मराठीत. कधी दोनाचे वीस लोक झाले ते कळलं नाही. फिटर होते, ड्रायव्हर होते, कुणी उकिडवे बसले होते. मारुती मातीनं माखलेला, मान डोलवत होता. मी पातेल्याच्या तळावर टिचकी मारून दाखवली तशी सगळ्यांनी मान पुढे केली. फळा नव्हता, खडू नव्हता, पण माझा आवाज जिथे जायला हवा तिथे, अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. अशा पोचण्याला किती वर्षं झाली होती!

घोळक्याच्या कडेला कॉटनची साडी नेसलेल्या एक मल्याळी बाई उभ्या होत्या, कुणा खेळाडूच्या बहीण. त्या दुहैलच्या एका शाळेत विज्ञान विभाग बघतात हे मला नंतर कळलं. जानेवारीत मी त्यांच्याच शाळेत रुजू झाले, पण त्या घडीला मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी बोलायची थांबले तेव्हा त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “Are you a teacher?”

माझ्या जिभेवर सवयीचं ‘होते’ आलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “आहे.”

मराठीतच म्हटलं. त्यांना ते कळलं.